सड्यावर जाऊन फोन लावायचा, आणि कंपनी म्हणते तक्रार मिटली

ताई, नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घरी मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी करून विकते. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचं, सगळा व्यवहार फोनवर. अकरा वर्षं एकच नंबर आहे, पाकिटांवरही तोच छापलाय. यंदा जूनपासून घरात रेंज नाही. कधी दोन दांड्या येतात, पण बोलता बोलता फोन तुटतो. नीट बोलायचं तर छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं. गणपतीच्या आधी डोंबिवलीच्या एका बाईंना पाच किलो मसाला हवा होता. त्यांनी दोन दिवस फोन लावला, शेवटी दुसरीकडून घेतला.

कस्टमर केअरला नऊ वेळा तक्रार केली. दर वेळी दोन दिवसांत मेसेज येतो की तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. कसलं निराकरण? वर दोनदा न मागितलेल्या कसल्याशा सेवेचे पैसे कापले. परवा तिथल्या मुलीवर मी खूप ओरडले. ती गप्पच झाली. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. आमचे हे म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपनीशी आपण काय भांडणार, सोडून दे. मुलगी म्हणते नंबर पोर्ट कर. पण दुसऱ्या कंपनीची रेंज आमच्याकडे देवळाजवळ येते, घरातली माहीत नाही. मी काय करू?

— एक वाचक

नमस्कार ताई,

पत्रासोबत तुम्ही पाठवलेले नऊही मेसेज मी ओळीने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी कागद घेतला आणि तारखा उतरवल्या. पहिली तक्रार १९ जूनची, शेवटची गणपतीच्या आदल्या आठवड्यातली. प्रत्येकीला वेगळा तक्रार क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकापुढे ‘निराकरण’ असं लिहिलंय. हे मेसेज बघितले की तुमचं डोकं फिरतं, ते मी समजू शकते. पण ते पुसू नका. त्यांचे फोटो काढून मुलीच्या फोनवर पाठवून ठेवा. एकाच जागेची एकच तक्रार नऊ वेळा मिटली असं कंपनीने स्वतःच लिहून दिलंय. यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला गोळा करता आला नसता.

आता हे असं का होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पावसाळ्यात तुमच्याकडे लाईट जाते. टॉवरवर बॅटऱ्या असतात, काही ठिकाणी जनरेटर असतो. बॅटऱ्या जुन्या असल्या किंवा डिझेल पोचलं नाही की दोन-चार तासांत टॉवर बसतो. लाईट आली की उठतो. कधी रस्त्याच्या कामात जमिनीखालची केबल तुटते, तेव्हा टॉवर उभा असतो पण त्याला पुढे जोडणारी वाटच नसते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात इतकी वर्षं किती खोदकाम चाललंय ते तुम्ही रोज बघता. तुम्ही फोन करता तेव्हा तिकडची मुलगी ‘नेटवर्क नाही’ एवढीच नोंद करते. ती नोंद दुसऱ्या विभागाकडे जाते. तिथला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पडद्यावर बघतो, त्या घटकेला टॉवर चालू दिसतो, आणि तो तक्रार बंद करतो. आदल्या दिवशी दुपारी दोन ते रात्री नऊ तुमचा फोन मेलेला होता, हे त्याच्यासमोर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून पहिलं काम, एक वही करा. शाळकरी दोनशे पानी चालेल. दरवाजामागे खिळ्याला अडकवा, पेन दोऱ्याने बांधा. तारीख, वेळ, घरात कुठे उभ्या होतात, किती दांड्या होत्या, लाईट होती की नव्हती, आणि नेमकं काय झालं. ‘रेंज नाही’ एवढं पुरत नाही. फोन लागतच नाही, लागतो पण मध्येच तुटतो, फोन लागतो पण नेट चालत नाही, समोरच्याला ‘स्विच ऑफ’ ऐकू येतं, हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असतात. पंधरा दिवस लिहा. तुम्हालाच दिसेल, लाईट गेल्यावर किती तासांनी रेंज जाते. समजा दर वेळी तीन तासांनीच जाते, तर टॉवरच्या बॅटरीवर बोट ठेवता येतं. मग ‘तुमच्या हँडसेटमध्ये दोष आहे, फोन बंद करून चालू करा’ हे उत्तर कुणी तुम्हाला देऊ शकत नाही. तरी एकदा तुमचं सिम मुलीच्या फोनमध्ये घालून बघा, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

वहीचं महत्त्व मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझे वडील गेले तेव्हा त्यांचा पोस्टपेड नंबर बंद करायला मी कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने दाखल्याची झेरॉक्स ठेवून घेतली, ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणाला, आणि मी घरी आले. पोच घेतली नाही. पुढे पाच महिने बिल येत राहिलं. मग वसुलीवाल्यांचे फोन आईला यायला लागले, की वकिलाची नोटीस येईल. आई ती बिलं देवघराच्या खणात ठेवायची, मला दिसू नयेत म्हणून. नवऱ्याच्या नावावर थकबाकी राहिली याची तिला लाज वाटत होती. मला कळलं तेव्हा मी दुकानात तीनदा गेले, तीनदा भांडले, आणि दर वेळी वेगळा मुलगा ‘आमच्याकडे अर्ज आलेलाच दिसत नाही’ म्हणाला. शेवटी एका जुन्या कार्यकर्त्याने मला अपील म्हणजे काय ते सांगितलं. एक पानी पत्र, सोबत दाखला, बिलं आणि मी कुठल्या तारखेला कितीला दुकानात गेले त्याची यादी. महिन्याभरात बिल शून्य झालं आणि दोन ओळींचं माफीचं पत्र आलं. ते पत्र आईने अजून जपून ठेवलंय.

तेव्हा ताई, अपील. तुमच्या पत्रात हा शब्द कुठेच नाही, आणि मला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद पत्रांत नसतो. लोक दहा वेळा, वीस वेळा कस्टमर केअरला फोन करतात आणि त्याच पायरीवर दमून बसतात. वरची पायरी आहे हेच कुणी सांगत नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्यांनी २०१२ साली ग्राहक तक्रारींसाठी नियम केले. त्यानुसार प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली तक्रार केंद्र, जिथे तुम्ही नऊ वेळा जाऊन आलात. दुसरी अपील प्राधिकारी. तक्रारीचं उत्तर पटलं नाही, किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच्याकडे अपील करायचं. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा. फी एक रुपयाही नाही. ईमेलने, पोस्टाने किंवा हातोहात देता येतं.

तुमच्या जुन्या तक्रारींची ३० दिवसांची मुदत उलटली असेल, त्याची काळजी करू नका. १९८ वर फोन करून आज एक नवीन तक्रार नोंदवा, मराठीचं बटण दाबून. बोलताना वहीतल्या तीन तारखा आणि वेळा सांगा, आणि फोन ठेवण्याआधी त्या मुलीला म्हणा, ‘तुम्ही काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. ती वाचून दाखवते तेव्हा कळतं की तिने तुमच्या पाच मिनिटांच्या बोलण्याचे दोन शब्द केलेत. तेव्हाच दुरुस्त करून घ्या. तक्रार क्रमांक मेसेजने आलाच पाहिजे, तो नियम आहे. दोन दिवसांनी पुन्हा ‘निराकरण’ आलं की त्याच संध्याकाळी अपील लिहायला बसा. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, ट्रायच्या संकेतस्थळावरही कंपनी आणि राज्याप्रमाणे मिळतो. मुलीला शोधायला सांगा.

पत्र असं लिहा. माझे शब्द जसेच्या तसे घ्या, फक्त तारखा आणि क्रमांक तुमचे:

‘मी आपली अकरा वर्षांची प्रीपेड ग्राहक आहे. १९ जूनपासून माझ्या राहत्या घरी आपलं नेटवर्क सलग मिळत नाही. याबद्दल मी दहा तक्रारी केल्या, त्यांचे क्रमांक आणि तारखा सोबत जोडल्या आहेत. प्रत्येक तक्रार माझ्याशी न बोलता व जागेवर न येता बंद करण्यात आली. सोबत पंधरा दिवसांची नोंद आहे. वीज गेल्यानंतर साधारण तीन तासांनी नेटवर्क बंद पडतं, असं त्यातून दिसतं. आमच्या वाडीसाठीच्या टॉवरची प्रत्यक्ष तपासणी करून काय दोष सापडला आणि तो कधीपर्यंत दूर होईल, हे मला लेखी कळवावं. न मागितलेल्या सेवेसाठी कापलेली रक्कम परत करावी. ज्या काळात सेवा मिळाली नाही त्या काळाची भरपाई म्हणून माझ्या रिचार्जची मुदत वाढवून द्यावी.’

बस, एवढंच. यात राग कुठे आहे असं तुम्हाला वाटेल. तो तारखांमध्ये आहे, आणि तिथे तो दिसतो. ‘माझ्याशी न बोलता व जागेवर न येता’ हे शब्द मात्र काढू नका.

भरपाईबद्दल उगाच आशा लावत नाही. २०२४ च्या सेवा गुणवत्तेच्या नियमांत असं आहे की जिल्हा पातळीवर मोठा बिघाड होऊन २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली, तर प्रीपेड ग्राहकाला मुदत वाढवून द्यायची आणि पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट द्यायची. एका वाडीच्या टॉवरला तो नियम आपोआप लागू होत नाही. पण मागायला काही हरकत नाही, आणि अपिलात मागितलेलं पुढे ग्राहक आयोगात कामाला येतं.

वाडीत त्याच कंपनीची अजून किती घरं आहेत? पंचवीस-तीस तरी असतील. त्यांच्याही सह्या घ्या आणि वेगळं पत्र म्हणून जोडा, ग्रामसभेत ठराव होत असेल तर उत्तमच. एका बाईचा फोन लागत नाही म्हटलं की हँडसेटवर ढकलता येतं, तीस घरांचे हँडसेट एकदम बिघडत नाहीत.

पैसे कापले त्याचं बघू. १५५२२३ हा त्यासाठीचा मोफत नंबर आहे. त्यावर फोन केला की तुमच्या नंबरवर कुठली जादा सेवा चालू आहे ते कळतं आणि ती बंद करता येते. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचे स्कोअर, असलं काहीतरी निघेल. ट्रायने २०१३ सालीच सांगितलंय की अशी सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची. तुम्ही विचारा, माझी संमती कधी घेतली, ती नोंद दाखवा. ती दाखवता येत नाही तेव्हा पैसे परत येतात, हे मी कितीदा पाहिलंय. आणि आणखी एक हक्क, जो दुकानदारालाही बहुतेक ठाऊक नसतो. प्रीपेड ग्राहकालासुद्धा गेल्या सहा महिन्यांतल्या काळाचा बारीक हिशोब मागता येतो, कुठला पैसा कशाला गेला त्याचा. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तुमचं नुकसान दोनदा झालेलं तुमच्या लक्षात आलं. लक्षात न आलेलं किती असेल, ते बघायला ५० रुपये खर्च करा असं मी सांगेन.

आता पोर्ट करण्याचं. मुलीचं म्हणणं बरोबर आहे, पण घाईने नको. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि ही सोय आपल्यासारख्यांसाठीच आहे. नंबर अजिबात बदलू नका. अकरा वर्षांचा नंबर आहे, पाकिटावर आहे, बँकेला आहे, आधारला आहे, गॅसला आहे. पण दुसऱ्या कंपनीची रेंज देवळाजवळ येते यावर जाऊ नका, आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या नकाशांवरही नको. नकाशात तुमची वाडी रंगवलेली असते, तुमचं घर मात्र डोंगराच्या कुठल्या कुशीत आहे ते नकाशाला कळत नाही. त्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम घ्या, सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारा आणि महिनाभर दुसऱ्या फोनमध्ये घालून घरात ठेवा. जिथे बसून तुम्ही पाकिटं भरता तिथेच. लाईट गेल्यावरही त्याच्याकडे बघा आणि त्याच वहीत लिहा. भारत संचार निगमचं सिमही असंच तपासा. कोकणात कितीतरी आडवळणाच्या वाड्यांत तेच एक चालतं.

महिनाभराने खात्री पटली तर मग पोर्ट करा. इंग्रजीत पोर्ट असं टाइप करायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० वर मेसेज पाठवायचा. आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो, तेवढ्यात नवीन कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. त्याच राज्यात असल्यामुळे कामाचे तीन दिवस धरा. काही गोष्टी आधी बघून ठेवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, तुमची तर अकरा वर्षं झाली. सिम हरवून नवीन घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही, हा नियम २०२४ पासून आहे. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस आणि शिल्लक नवीन कंपनीत येत नाही, म्हणून मुदत संपत आली की मगच अर्ज करा. बदल होताना काही तास फोन बंद राहतो, त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका. कोड मागितलात की जुन्या कंपनीचे फोन यायला लागतील, थांबा, स्वस्त प्लॅन देतो म्हणून. त्यांना एकच विचारा, घरात रेंज देता का.

आणि पोर्ट केलं तरी अपील मागे घेऊ नका. तुम्ही गेलात तरी वाडीतली बाकीची घरं तिथेच आहेत.

एका बाबतीत मात्र फार जपा. चिडलेल्या ग्राहकाच्या मागावर चोर असतात. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. फेसबुकवर कंपनीला शिव्या घालून खाली आपला नंबर लिहू नका. तासाभरात ‘मी कंपनीतून बोलतोय, तुमचे पैसे परत करायचे आहेत’ असा फोन येतो. तो एखादं ॲप घ्यायला सांगतो किंवा ओटीपी मागतो, आणि खातं रिकामं होतं. परतावा घ्यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कसलंही ॲप लागत नाही. कंपनीचा नंबर सिमच्या पाकिटावर असतो, तोच वापरा.

तुमच्या ‘ह्यांना’ही दोन शब्द सांगते. दादा, तुम्ही म्हणता मोठ्या कंपनीशी काय भांडणार. अहमदाबादच्या एका माणसाला महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल यायचं. २०१३ साली एका महिन्याला २४,६०९ रुपयांचं आलं. तो ग्राहक मंचात गेला, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात. कंपनी म्हणाली, टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचाला ऐकताच येत नाहीत. त्यांच्या हातात २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही होता, टेलिग्राफ कायद्याखाली लवादाकडे जा असं सांगणारा. माणूस थांबला नाही. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की मोबाइल सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात. तो एक माणूस भांडला म्हणून आज तुमच्या घरच्या माणसाला रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात जायचा रस्ता उघडा आहे.

तिथवर जायची वेळ आली तर घाबरू नका. अपिलाचा निकाल पटला नाही की आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. मराठीत बोलता येतं आणि पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. दूरसंचार खात्याच्या तक्रार पोर्टलवरही टाका. ट्रायला पत्र लिहून बसू नका. ते नियम करतात, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत, तुमचं पत्र कंपनीकडेच पाठवतात. यातून काहीच झालं नाही तर आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य ऑफिस दिल्लीत असो की मुंबईत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत जायचं. अर्जात स्पष्ट लिहा की हा घरचाच नंबर आहे आणि मी स्वतः राबून पोटापाण्यापुरता धंदा करते, नाहीतर कंपनीचा वकील तुम्हाला व्यापारी ठरवून बाहेर काढायला बघेल. डोंबिवलीच्या बाईंनी ‘दोन दिवस फोन लागत नव्हता’ असा मेसेज केला असेल तर तो जपून ठेवा. नसेल केला तर आता करायला सांगा, त्या नक्की करतील. मागणी मात्र बेताची ठेवा. बुडालेल्या ऑर्डरची रक्कम, मनस्तापाचे थोडे, आणि अर्जाचा खर्च. लाखाची मागणी केली की न्यायाधीशांचं लक्ष तुमच्या वहीवरून उडून त्या आकड्यावर जातं.

कस्टमर केअरच्या त्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुम्हाला रडू का आलं ते मला कळतं. तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलणाऱ्या बाई, आणि त्या दिवशी तुमच्या तोंडून असे शब्द गेले की स्वतःलाच ओळखलं नाहीत. ती मुलगी तुमच्या मुलीच्या वयाची असेल. तिच्याकडे टॉवरची किल्ली नाही, डिझेल नाही, निर्णय नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिला तुमच्यासमोर बसवलंय आणि स्वतः मागे बसलेत. तिच्यावर ओरडून तुमचा राग तिथेच मुरतो, त्या माणसांपर्यंत एक अक्षर पोचत नाही. तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणणार नाही. चार महिने पावसात सड्यावर जाऊन फोन केल्यावर कुणाचाही तोल जाईल. पुढच्या वेळी जी कुणी फोन उचलेल तिला आधी नाव विचारा, ताई म्हणा, आणि नोंद वाचून दाखवायला सांगा. तुम्हालाच हलकं वाटेल, आणि नोंदही नीट होईल.

आता नवरात्राच्या ऑर्डरी सुरू होतील. तोवरच्या सोयीसाठी एक करा. सध्याच्या पाकिटांवर छोटी चिकटपट्टी लावून मुलीचा नंबर ‘व्हॉट्सॲपसाठी’ म्हणून द्या, आणि जुन्या गिऱ्हाइकांना आजच एक मेसेज टाका की फोन लागला नाही तर लिहून ठेवा, मी संध्याकाळी सहाला सड्यावर जाऊन सगळ्यांना फोन करते. ठरलेली वेळ कळली की माणसं थांबतात.

वही उद्याच आणा. अपील पाठवलंत आणि त्याचा नंबर आला की मला कळवा. ३९ दिवस मीही इकडे कॅलेंडरवर मोजेन.

तुमची,
ताई